तालुक्यांच्या रेषा : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे तालुके कसे पडले, हे समजून घ्यायला निघालेल्या वाचकाने सोयगावपासून सुरुवात करावी. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी हा अजिंठ्याच्या रांगेपलीकडचा, घाटाखालचा. अजिंठा गाव घाटावर, सिल्लोड तालुक्यात. अजिंठ्याची लेणी मात्र सोयगाव तालुक्यात. लेण्यांखालून वाहणारी वाघूर तापीकडे जाते. सिल्लोडचं बरंचसं पाणी पूर्णेवाटे गोदावरीला मिळतं. सोयगावकरांना पाचोरा-जळगावचा बाजार जवळ, जिल्ह्याच्या कचेरीसाठी मात्र घाट चढावा लागतो. पाणी आणि बाजार खानदेशाकडे ओढत असताना हा मुलूख मराठवाड्यात कसा, असा प्रश्न पडला की तुम्ही या अभ्यासात आलातच.

त्याचं उत्तर निजामाचं राज्य आणि इंग्रजांचा खानदेश यांच्यातल्या हद्दीत आहे. त्या हद्दीच्या आत डोकावलं की आणखी जुने थर लागतात. मोगलांचा सुभा, त्याखाली सरकार, त्याखाली परगणा. परगण्याचे वतनदार देशमुख-देशपांडे. 1865 साली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी हैदराबाद राज्यात जिलाबंदी केली, तेव्हा जिल्हे आणि तालुके नव्याने आखले गेले. तरी जहागिरीची आणि निजामाच्या खासगीतली, म्हणजे सर्फ-ए-खासची, गावं अधेमधे विखुरलेली राहिली ती 1949 पर्यंत. पुढे 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, हे तर अनेकांना आठवत असेल.

स्पेनमधल्या बास्क मुलखातला आलावा प्रांत या संदर्भात जरूर पाहावा. त्याचे सात स्थानिक विभाग आहेत. त्यांतला आयाला डोंगरापलीकडे, उत्तरेच्या समुद्राकडे पाणी वाहणाऱ्या खोऱ्यात. त्याचा रोजचा व्यवहार बिल्बाओशी, प्रांताची राजधानी मात्र डोंगराअलीकडे व्हितोरियाला. सोयगावच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही!

या अभ्यासात इतिहासाच्या विद्यार्थ्याइतकीच भूगोलाच्या विद्यार्थ्याची आणि तलाठ्याचीही गरज आहे. सज्जा, मंडळ, तालुका ही उतरंड कागदावर सगळ्यांना दिसते. एखादं गाव एका मंडळातून दुसऱ्यात गेलं की कोणाची पायपीट वाढते, हे तलाठ्याला ठाऊक असतं. मला ही माहिती फर्मानाइतकीच मोलाची वाटते. मोडी शिकून घ्या, जमल्यास फारसीही. शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत, आणि आपापल्या तालुक्याच्या जुन्या परगण्यांची नावं त्यांत शोधायला आपल्याकडची माणसं हवी आहेत.