काळे प्लॅस्टिक पांढरे पडते तेव्हा

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपला पुढे पोलादी पट्टीचा बंपर होता आणि त्याला बाकीच्या अंगासारखाच लष्करी हिरवा रंग दिलेला असे. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतलेल्या जीपगाड्यांची घडणही तीच. पट्टी वाकली तर हातोड्याने ठोकून सरळ करायची, गंजली तर घासून रंगवायची. एवढी डागडुजी कुठल्याही गॅरेजात होत असे.

प्लॅस्टिक आले ते शहरी मोटारींच्या वाटेने. इटलीत जूलिओ नात्ता यांनी 1954 साली स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन तयार केले आणि 1963 मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. 1972 मध्ये आलेल्या रेनॉ 5 या छोट्या मोटारीचे बंपर काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरचे, राखाडी आणि न रंगवलेले होते. त्याच सुमारास अमेरिकेत नवा नियम आला: 1973 च्या मॉडेलपासून ताशी पाच मैलांच्या धडकेत पुढचे दिवे व इतर सुरक्षा-भाग शाबूत राहिले पाहिजेत. दबून पुन्हा मूळ आकारात येणाऱ्या पदार्थाची गरज वाढली. रबर मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन हलके, चिवट आणि स्वस्त असल्याने पुढे बंपरसाठी तेच रूढ झाले.

ते रंगवले गेले नाही, यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेब अधिक होता. पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही. ज्योतीचा झोत किंवा खास प्रायमर दिल्याखेरीज तो पापुद्र्यांनी सुटतो. त्यापेक्षा साच्यात ओतण्याआधीच काजळी मिसळून काळा भाग काढणे स्वस्त पडे. वरचा खरखरीत पोत ओरखडे झाकून घेई. कच्च्या रस्त्यांच्या गाड्यांना तर हे वरदानच ठरले. जीपची तेव्हाची मालक असलेल्या एएमसी कंपनीच्या ईगल या चारचाकी-चालनाच्या मोटारीला 1980 च्या मॉडेलपासूनच चाकांच्या कमानींवर आणि दारांखाली लवचीक प्लॅस्टिकचे आवरण होते. पुढे काळी कमान हीच दणकट गाडीची खूण बनली, इतकी की डांबरी रस्ता कधी न सोडणाऱ्या मोटारींनीही ती अंगावर चढवली. नाशिकमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रांच्या 2020 च्या थार गाडीवरही बंपर आणि चाकांवरच्या कमानी काळ्या प्लॅस्टिकच्याच आहेत.

हे काळेपण टिकत नाही, ही तक्रार अशा गाड्यांइतकीच जुनी. खरे तर त्यातली काजळी उडून जात नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, भरणीसाठी घातलेली टाल्कसारखी भुकटी उघडी पडते, प्रकाश विखुरतो आणि काळा भाग राखाडी, मग पांढरट दिसू लागतो. 1970 च्या दशकापासून उत्पादक अमाइन गटातील प्रकाशरोधक रसायने मिसळू लागले. त्यांनी झीज लांबवली, थांबवली नाही. खरखरीत पोतात अडकून वाळलेले मेणाचे पॉलिश या पांढरटपणात भर घालते. त्यावर मात्र साबण आणि ब्रश पुरतात.

काळेपणा परत आणण्याचे उपाय साधेपणापासून सुरू झाले. तेल किंवा डिझेलचा बोळा फिरवला की भेगा भरतात आणि भाग तात्पुरता काळा दिसतो, पण धूळ चिकटते. तयार बाटल्यांमधील सिलिकॉनचा परिणामही तसाच वरवरचा. काही पावसांत तो धुऊन जातो. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचा तर त्यावर रागच असतो, कारण सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नव्या रंगात खळगे पडतात.

हीट गनने पृष्ठभाग किंचित वितळवला की भेगा मिटतात आणि आतला काळा थर वर येतो. हा बदल नेत्रदीपक असतो; पण पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळत असल्याने झोत क्षणभर अधिक रेंगाळला तरी पोत सपाट होतो, भाग वाकडा होतो. शिवाय प्रकाशरोधक रसायन परत मिळत नाही, म्हणून तोच भाग पुन्हा फिकटतो. त्या तुलनेत रंगद्रव्य असलेले द्रव अधिक टिकतात आणि अलीकडे आलेली सिरॅमिक कोटिंग्ज त्याहूनही. ती पृष्ठभागावर घट्ट धरणारा थर तयार करतात, मात्र आधी जुने सिलिकॉन व मेण पूर्ण काढले नाही तर सोलून निघतात. भेगा खोल जाऊन प्लॅस्टिक ठिसूळ झाले असेल तर यांपैकी कशाचाच उपयोग नसतो. तो भाग बदलावा लागतो.