म्हातारा जळतो, मागे काय उरतं?

आम्हा गोंयकारांकडे नवीन वर्ष एकदा येऊन भागत नाही. चैत्रात संवसर पाडवा, दिवाळीत बलिप्रतिपदेचा म्हणजे आपला ‘गोरवां पाडवो’ आणि थंडीत एक जानेवारी, असं ते तीनदा येतं. तिन्ही आपलीच, त्यामुळे खरं कुठलं हा वाद मला घालायचा नाही. मला आज एवढंच बघायचंय, की सण आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी अंगणात काय उरतं.

आधी एक जानेवारीची गोष्ट. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली कालगणना सुधारली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला, मधले दहा दिवस गाळले गेले. पोर्तुगालने हे पंचांग लगेच स्वीकारलं. इंग्लंडला मात्र त्यासाठी १७५२ साल उजाडावं लागलं, आणि तोवर तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे! म्हणजे हिंदुस्थानात इंग्रजी राज्य पसरण्याच्या कितीतरी आधी ही तारीख गोव्यात पोचली होती. तिला ‘परवाचं फॅड’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

या तारखेसोबत आपल्याकडे नांदतो तो ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरत्या वर्षाचा म्हातारा. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत पोरं त्याला रस्त्याकडेला खुर्चीवर बसवतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे गोळा करतात आणि ३१ च्या मध्यरात्री जाळतात. फोर्ट कोचीतही त्याच रात्री ‘पप्पांजी’ जळतो आणि कोची १६६३ पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. तिकडे दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्येही ‘जुन्या वर्षा’चा पुतळा जाळतात. जुनं जाळून नव्याला वाट करून द्यावी, ही माणसाची जुनीच हौस दिसते.

माझ्या लहानपणी म्हातारा कशाचा असायचा? खरिपाची मळणी आटोपलेली असायची, गवताच्या कुडी उभ्या असायच्या. त्यातलं चार पेंढ्या गवत, बापाची फाटकी विजार, विरलेला शर्ट, डोक्याला फुटकं मडकं. पोटात चार फटाके, तेही पैसे जमले तर. सकाळी उरायची मूठभर राख, ती कुणीतरी माडाच्या आळ्यात लोटायचं. आज कित्येक म्हाताऱ्यांच्या अंगात थर्माकोल, पोटात प्लास्टिक आणि हातात रिकाम्या बाटल्या असतात. तो जळतो तेव्हा काळा, घशाला झोंबणारा धूर निघतो आणि सकाळी रस्त्यावर वितळलेला गोळा चिकटून बसलेला असतो.

एकट्या जानेवारीला बोल लावून चालणार नाही. आपला नरकासुर घ्या. मुळात आपण नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडतो, तोच नरकासुराचा वध! एक रानफळ फुटलं, काम झालं. त्याच्या जोडीला आता लोखंडी सांगाड्याचे दोन मजली नरकासुर आले, आणि मग पहाटेनंतर तारा नि खिळे वेचत बसायची पाळी.

याउलट गुढी बघा. वेळूची काठी, कोरं वस्त्र, आंब्याचा टाळा, कडुनिंबाची डहाळी, फुलांची माळ, वर तांब्या. संध्याकाळी गुढी उतरली की वस्त्राचं पोलकं शिवलं जायचं, तांब्या परत स्वयंपाकघरात, काठी वईला, पाला माडाच्या बुडाशी. कचऱ्यात काय गेलं? काहीच नाही. जेवणही तसंच. फणसाच्या पानांची पत्रावळ किंवा केळीचं पान, ते गुरांपुढे नाहीतर खताच्या खड्ड्यात. पोफळीच्या विरीपासून नारळाच्या करवंटीपर्यंत वाया जाणारं असं घरात काही नसायचंच. चुडतांची झापं, हिरांची केरसुणी, करवंटीची डवली, सोडणं चुलीला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. आपले पूर्वज काही ‘पर्यावरणवादी’ नव्हते. फेकायला त्यांच्याकडे जास्तीचं काही नव्हतं, हे खरं कारण. शिवाय पत्रावळी लावणं, शेणाने अंगण सारवणं हे कष्ट बहुतेक बायकांच्या वाट्याचे. म्हणून ‘जुनं ते सोनं’ असं म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी आपण घालवून बसलोय. खाजन शेतीचं उदाहरण घ्या. भरतीचं खारं पाणी रोखणारे चिखल-मातीचे, दगडांचे बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस, ही सगळी व्यवस्था गावकरीच्या शिस्तीवर चालायची. ही गावकरी पोर्तुगिजांच्याही आधीची. १५२६ साली आफोन्सो मेशिया याने तिचे रीतिरिवाज लिहून काढले, ते ‘फोराल’ म्हणून ओळखले जातात. बांध फुटला तर तो कोणा एकाचा फुटत नसे. सगळ्यांच्याच शेतात खारं पाणी शिरायचं, म्हणून डागडुजीची काळजीही सगळ्यांना. आज कचरा घराच्या फाटकाबाहेर गेला की तो ‘पंचायतीचा’ होतो, आपला राहत नाही. फरक आहे तो इथे.

कायदे नाहीत असं नाही. गोव्यात न कुजणाऱ्या कचऱ्यासाठी १९९६ सालीच कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नववर्षाच्या फटाक्यांना रात्री ११.५५ ते १२.३० एवढाच वेळ दिला. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, शिवाय सजावटीचं थर्माकोलसुद्धा बंद आहे. म्हणजे थर्माकोल भरलेला म्हातारा नुसता कुरूप नाही, तर बेकायदेशीरही! पण मध्यरात्री वाड्यावाड्यावर शिपाई कुठून येणार? आणि आले, तरी एक तारखेच्या सकाळी तो वितळलेला गोळा खरवडायला येणारी बाई वेगळीच असते. आपण साखरझोपेत असतो, तेव्हा ती वाकून आपलं नवीन वर्ष झाडत असते.

मग करायचं काय? पोरांचा म्हातारा बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांच्या हाती गवत आणि सुती चिंध्या द्या, आणि वर्गणी देताना ‘आत काय भरलंय रे?’ एवढं विचारा. जेवणावळीला स्टीलची ताटं काढा. घरची पुरली नाहीत तर शेजाऱ्याची मागून आणा, मागायला लाज कसली? बाजाराला जाताना कापडी पिशवी, परसात ओल्या कचऱ्याचा खड्डा. यातलं एकही काम नवीन नाही, आणि म्हणूनच ते जमण्यासारखं आहे.

आणि एक तारखेला सकाळी एक सोपी परीक्षा करून बघा. जळलेल्या म्हाताऱ्याची राख उचलून आपल्या परसातल्या माडाच्या आळ्यात टाकायला हात धजावतो का? धजावला, तर म्हातारा चांगला होता असं समजा.