व्यसनी हा रुग्ण : डॉ. मेरी निसवांडर आणि मेथाडोन-उपचाराचा उदय

व्यसनावरील उपचारांचा इतिहास बहुधा औषधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक द्रव्य सापडले, त्याचा प्रयोग झाला आणि रोग्यांना गुण आला, अशी त्याची सरळ मांडणी असते. हेरॉइनच्या व्यसनावरील मेथाडोन-उपचाराची हकीकतही याच पद्धतीने सांगण्यात येते. परंतु मेथाडोन हे द्रव्य जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच तयार झालेले होते, आणि १९५० पूर्वीच अमेरिकेतील व्यसनी रुग्णांवर त्याचा उपयोगही होऊ लागला होता. मग १९६५ साली नवे असे काय घडले? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, नवे होते ते द्रव्य नव्हे, तर वैद्य आणि व्यसनी यांच्यामधील नाते; आणि या तुटलेल्या नात्याच्या पुनःस्थापनेत डॉ. मेरी निसवांडर या मानसोपचारतज्ज्ञ विदुषीचा वाटा मध्यवर्ती होता.

हे नाते तुटले कसे, ते प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेत डिसेंबर १९१४ मध्ये संमत झालेला हॅरिसन कायदा वरकरणी करविषयक होता. आपल्या व्यवसायाच्या ओघात अफूजन्य औषधे देण्याची मुभा वैद्यांना त्यात ठेवलेली होती. ‘व्यवसायाच्या ओघात’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न न्यायालयापुढे गेला. १९१९ साली वेब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, व्यसनी मनुष्याची नेहमीची मात्रा केवळ चालू राहावी म्हणून लिहिलेली चिठ्ठी ही वैद्यकीय चिठ्ठीच नव्हे. पुढे कित्येक वैद्यांवर खटले झाले, निरनिराळ्या शहरांत या रोग्यांसाठी उघडलेले दवाखाने बंद पडले आणि व्यसनी मनुष्य वैद्याच्या दारातून पोलिसाच्या दारात जाऊन उभा राहिला. १९२५ च्या लिंडर खटल्यात न्यायालयाने वैद्यांच्या बाजूने निकाल दिला खरा. पण वैद्यांच्या मनात बसलेली धास्ती त्यामुळे नाहीशी झाली नाही.

१९३५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे सरकारने व्यसनी लोकांसाठी मोठी संस्था उघडली. शिक्षा झालेले कैदी आणि आपखुशीने आलेले रोगी तेथे एकाच छपराखाली राहत. शरीरातून अंमली द्रव्य उतरविणे, शेतीचे वा कारखान्याचे काम देणे आणि मानसोपचार करणे, असा तेथील क्रम होता. द्रव्य उतरविण्याचे काम तेथे चांगले साधले. पण घरी परतलेला रोगी पुष्कळदा पुन्हा त्याच गल्लीत, त्याच सोबत्यांत आणि त्याच सुईकडे वळे. व्यसन सुटणे आणि व्यसनमुक्त राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सत्य लेक्सिंग्टनच्या अनुभवाने ठळकपणे पुढे आणले.

डॉ. निसवांडर १९४५ साली तरुण वैद्य म्हणून याच संस्थेत रुजू झाल्या. तेथील तुरुंगवजा वातावरण त्यांना पटले नाही. पुढे न्यूयॉर्क येथे मानसोपचारशास्त्राचा व मनोविश्लेषणाचा अभ्यास करून त्यांनी खासगी व्यवसाय आरंभिला आणि ज्यांना इतर वैद्य दाराशी उभे करीत नसत, अशा हेरॉइनच्या रोग्यांना त्या तपासू लागल्या. त्यांचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. ‘रुग्ण या नात्याने व्यसनी’ हा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. आणि त्या काळात हे शीर्षक हाच एक सिद्धांत होता.

मनोविश्लेषणाच्या परंपरेत वाढलेल्या या विदुषीने त्या शास्त्राच्या मर्यादाही अनुभवाने ओळखल्या, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. व्यसनाचे मूळ मनातील गाठींत असेल, तर त्या गाठी उकलताच व्यसन सुटावयास हवे. वर्षानुवर्षांच्या उपचारांनंतरही तसे घडताना त्यांना दिसले नाही. रोग्याच्या बुद्धीला आपल्या स्थितीचा उलगडा होई. तरी द्रव्याची भूक मात्र तशीच राही.

चयापचयाचे संशोधक डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्या वाचनात निसवांडर यांचा ग्रंथ आला आणि १९६४ साली रॉकफेलर संस्थेत दोघांचे संयुक्त कार्य सुरू झाले. आरंभी अगदी थोड्या रोग्यांना मॉर्फीन देऊन पाहण्यात आले. मात्रा वाढतच गेली. रोगी सुस्तावलेले असत आणि पुढच्या सुईची वाट पाहण्यापलीकडे त्यांचे चित्त कशात लागत नसे. त्यांनाच मेथाडोनवर आणल्यावर चित्र पालटले. हेरॉइनचा अंमल काही तासांत ओसरतो. तोंडाने घेतलेले मेथाडोन सुमारे दिवसभर पुरते. रोग्यांपैकी एकजण चित्रे काढू लागला, दुसऱ्याला अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्याची इच्छा झाली. ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकन वैद्यक-संघाच्या नियतकालिकात २२ रोग्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराचे तीन टप्पे सांगितलेले आहेत : रुग्णालयात मात्रा स्थिर करणे, बाहेर राहून नियमित उपचार घेणे, आणि अखेर स्वतःच्या पायांवर उभे राहून समाजात वावरणे. औषधाने मुख्यतः पहिला टप्पा साधतो. पुढील दोन टप्प्यांना काळ लागतो, काम लागते, आणि पुन्हा घसरलेल्या रोग्याला हाकलून न देणारा वैद्य लागतो. मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका येथे पालटली. रोग्याच्या स्वभावातील दोष शोधणारा परीक्षक ही ती उरली नाही. दीर्घ रोगातील सोबती ही ती झाली.

‘एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन’ हा आक्षेप या उपचारावर आरंभापासून घेण्यात आला. तो सर्वस्वी पोकळ नाही. मेथाडोन थांबविल्यावर पुष्कळ रोगी पुन्हा हेरॉइनकडे वळतात, आणि चुकीच्या मात्रेत हे औषधही प्राणघातक ठरते. डोल व निसवांडर यांनी १९६७ साली हेरॉइनचे व्यसन हा चयापचयाचा रोग होय, असा पक्ष मांडला. १९७३ साली मेंदूत अफूजन्य द्रव्यांचे ग्राहक-बिंदू दाखविले गेले आणि शरीरविषयक विचाराला बळ मिळाले. तथापि त्यायोगे तो पक्ष पूर्णतः सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. आक्षेपाचे खरे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा रोग्यांच्या जीवनक्रमात आहे. जो या उपचारात टिकतो त्याच्या मृत्यूचा धोका घटतो, हे पुढील अनेक अभ्यासांतून दिसून आले. आणि २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत मेथाडोनचा समावेश केला.

या इतिहासाला एक खेदजनक बाजूही आहे. १९७२ साली अमेरिकन शासनाने या उपचाराला तपशीलवार नियमांत बांधले. केंद्रे वाढली, पण रोगी पुष्कळ ठिकाणी रांगेतील क्रमांक झाला. १९७६ साली दहा वर्षांचा आढावा घेताना डोल व निसवांडर यांनी या स्थितीवर कठोर टीका केली. नियमांनी औषध राखले, पण ज्या नात्यामुळे ते गुणकारी ठरले होते ते पातळ झाले, असाच तिचा रोख होता. निसवांडर १९८६ साली निवर्तल्या. दोन वर्षांनी डोल यांना लास्कर पारितोषिक मिळाले. औषधाचा इतिहास तेथे सन्मानित झाला. नात्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला मात्र १९५६ च्या त्या शीर्षकापासूनच आरंभ करावा लागेल. कारण व्यसनी हा प्रथम रुग्ण ठरला, म्हणूनच पुढे त्याच्यासाठी औषध शोधता आले.