एका काल्पनिक बंडाचा पूर्वेतिहास

सेनेचे सर्वाधिपत्य लोकनियुक्त राष्ट्राध्यक्षाच्या हाती सोपवणारी घटना ज्या देशाने अठराव्या शतकातच स्वीकारली, त्या अमेरिकेत सेनाप्रमुखच राष्ट्राध्यक्षाला पदच्युत करण्याचे खलबत करीत आहेत, अशी कथा फ्लेचर नेबेल आणि चार्ल्स बेली या वॉशिंग्टनमधील दोन वृत्तपत्रकारांनी १९६२ साली 'सेव्हन डेज इन मे' या कादंबरीत सांगितली. तिच्या अफाट खपाचे श्रेय केवळ रहस्यरंजनाला देणे मला पटत नाही.

त्यासाठी १९६१ चा एप्रिल महिना आठवावा. १७ तारखेस क्यूबातील 'बे ऑफ पिग्ज'च्या किनाऱ्यावर उतरलेली, अमेरिकी गुप्तहेर खात्याने सिद्ध केलेली निर्वासितांची फौज तीन दिवसांत मोडली, आणि तिच्या मदतीला अमेरिकी विमाने उघडपणे धाडण्यास नकार देणाऱ्या राष्ट्राध्यक्ष केनेडींविषयी सेनाधिकाऱ्यांत रोष धुमसू लागला. त्याच आठवड्यात अल्जीरियात फ्रान्सच्या चार निवृत्त सेनापतींनी आपले राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्याविरुद्ध बंड पुकारले. आणि जर्मनीतील आपल्या शिपायांत उजव्या राजकारणाचा प्रचार केल्याच्या आरोपावरून जनरल एडविन वॉकर यांना महिना संपण्यापूर्वीच आपल्या हाताखालच्या फौजेला मुकावे लागले. विमानदलप्रमुख कर्टिस लेमे यांच्या मुलाखतीत नेबेल यांना राष्ट्राध्यक्षाविषयीचा जो कडवटपणा ऐकू आला, त्यातून या कथेला चालना मिळाली असे सांगतात.

कथेतील सेनाप्रमुख जनरल स्कॉट रशियाशी झालेल्या निःशस्त्रीकरणाच्या तहाने संतप्त होतो, आणि घोड्यांच्या शर्यतीवरील पैजांच्या मिषाने सेनानींना सांकेतिक निरोप धाडतो. हे कारस्थान ज्याच्या ध्यानी येते, तो कर्नल केसी त्याच्याच दप्तरातील अधिकारी. तहाविषयी स्वतः साशंक असूनही घटनेची शपथ श्रेष्ठ मानून तो राष्ट्राध्यक्षाकडे जातो, आणि अखेरीस स्कॉटला कोठडीत न टाकता त्याच्याकडून राजीनामा घेतला जातो. केसीची ही निष्ठा मला कादंबरीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

केनेडींनी कादंबरी वाचली, आणि बे ऑफ पिग्जसारखे प्रसंग लागोपाठ ओढवल्यास आपल्याकडेही असे घडू शकेल, असे एका स्नेह्याजवळ बोलून दाखवले. पुढे जॉन फ्रँकनहायमर यांनी तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हा पेंटॅगॉनचे साहाय्य लाभले नाही. व्हाइट हाउसबाहेरचे चित्रण मात्र केनेडींच्या अनुमतीने, ते हायनिस पोर्टला गेले असताना झाले. दोघा पत्रकारांनी आपल्या राजधानीची नाडी अचूक ओळखली होती, याला याहून सबळ पुरावा नको.