तारूचं देऊळ आणि चिचिबूचे लांडगे

गोल्डन वीक जवळ आला की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘घरी चाललोय, दोन दिवस ताडोबा करायचंय, कोणतं गेट चांगलं?’ उत्तरंही ठरलेली. मोहर्ली घ्या, कोलारा घ्या, पहाटेची सफारी सोडू नका. ओबोनला जाणाऱ्याला कुणीतरी आठवण करून देतं की पावसाळ्यात कोअर बंद असतो. ‘ताडोबा’ हे नाव कुठून आलं, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. तो प्रश्न पडला तो जपानमधल्या एका डोंगरावर, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तोक्योच्या वायव्येला, सैतामा प्रांतात चिचिबूचे डोंगर आहेत. स्टेशनवरून बसने तासाभराहून जास्त वर चढत गेलं की मित्सुमिने देवस्थान येतं. जपानी देवस्थानांच्या दाराशी सहसा सिंहासारखे कोमाइनु बसलेले दिसतात. इथे त्यांच्या जागी लांडगे आहेत, सुळे दाखवत बसलेले. लांडग्याचं चित्र छापलेली ‘ओफुदा’, म्हणजे कागदी ताईतच म्हणा, एदो काळापासून लोक इथून घरी नेत आलेत. आग आणि चोर यांपासून घर राखायला. डोंगरातल्या शेतकऱ्याला तर लांडगा हवाच होता, कारण पीक फस्त करणारी हरणं आणि रानडुकरं तो खायचा. जपानीत लांडगा म्हणजे ‘ओकामी’, आणि ‘थोर देव’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही जवळजवळ तोच.

पण लांडगा आज फक्त दगडाचा उरलाय. अठराव्या शतकात रेबीज आला आणि पिसाळलेले लांडगे माणसांवर येऊ लागले, तेव्हापासूनच देवाची पत घसरत गेली. मग मेइजी सरकारने होक्काइदोवर घोड्यांची आणि गुरांची पैदास सुरू केली. एडविन डन हा अमेरिकन सल्लागार आला, स्ट्रिकनीन घातलेलं मांस रानात टाकलं गेलं, मारलेल्या लांडग्यामागे बक्षिसं लागली. होन्शूवरच्या लांडग्याची शेवटची पक्की नोंद आहे जानेवारी १९०५ मधली, नारा प्रांतातल्या हिगाशियोशिनो इथली. तो मेलेला लांडगा माल्कम अँडरसन नावाच्या अमेरिकन माणसाने विकत घेतला. त्याचं कातडं लंडनच्या संग्रहालयात आहे. आता हरणं इतकी वाढलीत की डोंगरातली शेतं जाळ्या लावून राखावी लागतात.

देव असलेला प्राणी गेला आणि देऊळ तेवढं राहिलं, हे बघून परतताना बसमध्ये मला ताडोबा आठवला. नावातला शेवटचा ‘बा’ बघा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा. हे नाव एखाद्या देवाचंच असणार, हे आपल्याला मराठी असून कसं कळलं नाही?

गोष्ट अशी सांगतात: तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केलं. ताडोबा तलावाच्या काठी, मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे जत्रा भरायची आणि आदिवासी पायी येऊन नवस फेडायचे. सह्याद्रीतला वारल्यांचा वाघोबा आठवत असेल, तर त्याच्या नात्यातलंच हे समजा. वाघाची भीती होती, पण त्याच्याशी व्यवहारही होता.

पुढचा इतिहास सफारीच्या माहितीपत्रकात असतो, फक्त एका बाजूने. १९३५ मध्ये इथे शिकार बंद झाली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. जे जपानने घालवलं ते चंद्रपूरने राखलं, आणि हे मी मनापासून म्हणते. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अशा जंगलात पाऊल टाकायचं तर परवानगी लागते, मग तुम्ही जिप्सीतून या की नवस फेडायला. कोअरमधली बोटेझरी, नवेगाव, जामणी, पळसगाव ही गावं गेल्या दोन दशकांत बाहेर वसवली गेली. २००८ पासून एका कुटुंबाला दहा लाखांचं पॅकेज होतं. सगळ्यांना हाकललं असं सरसकट म्हणणं चूक ठरेल; शाळा नाही, रस्ता नाही, पीक डुकरं खातात, याला कंटाळून जायला तयार झालेलेही होते. पण तारूच्या शेजारी राहणारे लोक आता कुंपणापलीकडे आहेत. चिचिबूत प्राणी गेला, भाविक राहिले. इथे नेमकं उलटं.

आणि आपण एप्रिल-मेमध्येच का जातो? पानं गळलेली असतात, वाघ पाणवठ्यावर येतो, फोटो छान मिळतो. याच दिवसांत बफरमधल्या गावांतल्या बायका पहाटे मोहफुलं वेचायला आणि मग तेंदूपत्ता तोडायला वाकून जंगलात फिरत असतात. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात त्या बऱ्याचदा अशाच कामातल्या माणसांच्या. एकच वाघ, एकच महिना. आपण गाडीत बसून ‘दिसू दे’ म्हणतो, त्या ‘दिसू नको’ म्हणतात.

सफारी रद्द करा असं मी सांगत नाहीये. मीही जाणार आहे. तिकिटाच्या आणि गाइडच्या पैशांवर आसपासच्या गावांतली घरं चालतात, आणि वाघ जिवंत राहण्यामागे त्या पैशांचाही हात आहे. फक्त जिप्सीत तुमच्या पुढे बसलेला गाइड बहुतेक तिथल्याच एखाद्या गावचा असतो. वाघ दिसला नाही की दोन तास गाडीत शांतता पसरते, सगळे मनात पैसे मोजत असतात. तेव्हा त्याला विचारा, ‘दादा, तुमच्या आजीचं गाव कुठलं? पौषातल्या जत्रेला गेला होतात का कधी?’