शेवटचा टाका उलटा

दम्याचा पंप गेली कित्येक वर्षं माझ्या खिशात असतो. त्यामुळे जर्मनीत दम्याच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीबद्दल वाचलं, तेव्हा मी थबकलो. श्वासातून द्यायचं ते औषध चक्क डीएनएचं होतं! डीएनए म्हणजे आनुवंशिकतेची पोथी, एवढंच आमच्या पिढीला माहीत. पोथी औषध कशी होईल? मी इतिहासाचा मास्तर. मूळ शोधल्याशिवाय चैन पडेना.

शरीरातली कामं विकरं, म्हणजे एन्झाइम्स करतात आणि विकरं प्रथिनांचीच असतात, हा जुना समज. १९८२ साली टॉमस चेक यांनी आरएनएसुद्धा हे काम करतो असं दाखवलं. त्यांना आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. मग डीएनए का नाही? निसर्गात तसा डीएनए सापडलेला नव्हता. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेत रोनाल्ड ब्रेकर आणि जेराल्ड जॉइस यांनी तो प्रयोगशाळेत निवडून काढला. असंख्य डीएनए तुकड्यांतून आरएनए कापणारे तेवढे ठेवायचे, त्यांच्या प्रती काढायच्या, पुन्हा चाळायचं. १९९७ मध्ये सँटोरो आणि जॉइस यांना याच रीतीने '१०-२३' मिळाला. नाव असं का, तर दहाव्या फेरीतला तेविसावा. मला तर दहावीच्या वर्गातला तेविसावा हजेरी क्रमांकच आठवला!

त्याचं गाभ्याचं यंत्र अवघ्या पंधरा अक्षरांचं. दोन्ही बाजूंच्या दोन बाहू हव्या त्या संदेशवाहक आरएनएला बिलगतात, गाभा त्याला कापतो, तुकडे सुटतात, की हा पुढच्याकडे वळतो. नको असलेल्या प्रथिनाचा निरोपच फाडून टाकायचा. कागदावर किती सोपं!

खरी गोष्ट इथून पुढची आहे. हाच डीएनए बर्फात गाडलेल्या मॅमथच्या दातात दहा लाख वर्षं टिकतो, पण रक्तात त्याचा निभाव लागत नाही. तिथली न्यूक्लिएज नावाची विकरं त्याला टोकाकडून कुरतडत नेतात. त्यावरचा पहिला उपाय मला फार आवडला. शिवण उसवू नये म्हणून आपण शेवटचा टाका उलटा घालतो ना, तसं साखळीचं शेवटचं अक्षर उलटं जोडायचं. कुरतडणाऱ्याला नेहमीचं टोकच सापडत नाही. जर्मन चाचणीतल्या औषधातही हा उलटा टाका होता.

पण टोक राखलं तरी मधला भाग उघडाच. कुणी कण्यातल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक घातलं. कुणी बाहूंत 'लॉक्ड' न्यूक्लिक आम्लाची अक्षरं बसवली. टिकाऊपणा वाढला, पण गाभ्यात फार ढवळाढवळ केली की कापणं मंदावतं, आणि बाहूंची पकड फार घट्ट झाली तर कापलेले तुकडे सुटतच नाहीत. शिवाय या विकराला मॅग्नेशियम लागतं आणि पेशीत ते परीक्षानळीतल्यापेक्षा बरंच कमी. आणखी एक अडचण अशी, की डीएनए नुसता आरएनएला चिकटला तरी पेशीतलं दुसरंच एक विकर येऊन तो आरएनए कापतं. मग श्रेय कोणाचं? ही शंका संशोधकांनी स्वतःच उघडपणे मांडली, याचं मला कौतुक वाटतं.

दम्याच्या चाचणीत गाटा-३ या प्रथिनाचा निरोप लक्ष्य होता. ४० रुग्ण, २८ दिवस, रोज एकदा हुंगायचं. वावडं असलेला पदार्थ हुंगवल्यावर काही तासांनी श्वसनमार्ग आवळतात, तो परिणाम ३४ टक्क्यांनी घटला. श्वासातून दिल्यामुळे रक्ताचा लांबचा प्रवासही टळला. चाचणी लहान होती, हे मात्र विसरता येत नाही.

२०२१ मध्ये अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन शापुट यांच्या गटाने '१०-२३'च्या काही अक्षरांमधली साखरच बदलली. कुठे फ्लोरिन असलेली, तर टोकांना थ्रिओज. तो न्यूक्लिएजना पुरून उरला, तुकडे सोडू लागला आणि पेशीतल्या कमी मॅग्नेशियमवरही चालला. पण या पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी ड्युसेलडॉर्फ आणि युलिशच्या संशोधकांनी '१०-२३' काम करताना कसा दिसतो ते उलगडलं. मूळ शोधाला तोवर पंचवीस वर्षं झाली होती. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांनी आतली रचना न पाहताच टाके घातले!

माझ्या पंपात अजून जुनंच औषध आहे.