वरचे शहर, खालचे शहर

आदर्श समाजाच्या कल्पनाचित्राला युटोपिया म्हणतात. त्याच्या उलट, पुढचा काळ भीषण असेल असे दाखवणारे चित्र म्हणजे डिस्टोपिया. असे चित्रपट आपले विद्यार्थी आवडीने पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात, ‘सर, यंत्रे खरेच माणसावर राज्य करतील का?’ या प्रश्नाला नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागत नाही. हे चित्रपट कशातून जन्मले ते आधी पाहायला हवे. तो इतिहास बर्लिनमध्ये सुरू होतो. पण त्याचा एक धागा बेळगावमार्गे थेट आपल्या विदर्भात येतो.

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट प्रथम दाखवला गेला. दिग्दर्शक होते फ्रिट्झ लांग आणि पटकथा होती त्यांच्या पत्नी थिया फॉन हार्बो यांची. या नगरीत मालकवर्ग उंच मनोऱ्यांत राहतो, तर कामगार जमिनीखाली. कामगारांची पाळी दहा तासांची आणि त्यांच्या घड्याळावर आकडेही दहाच. एका प्रसंगात यंत्र हे नरबळी घेणारे दैवत होऊन माणसे गिळताना दिसते. एक शास्त्रज्ञ कामगारांच्या लाडक्या मारियाचा चेहरा यंत्रमानवाला देतो आणि त्याच्याकरवी त्यांना भडकवतो. यंत्रे मोडतात आणि पुराचे पाणी शिरते ते कामगारांच्याच वस्तीत!

नगरीचे मनोरे खरे तर छोट्या प्रतिकृती होत्या. युजेन शुफ्तान यांनी कॅमेऱ्यासमोर तिरका आरसा ठेवून त्याचा काही भागातील मुलामा खरवडून काढला. उरलेल्या आरशात प्रतिकृतीचे प्रतिबिंब दिसे आणि खरवडलेल्या काचेतून पलीकडचे नट. परावर्तनाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

आता बेळगावचा धागा. लांग आणि हार्बो यांचा १९३३ मध्ये घटस्फोट झाला. लांग यांनी त्याच वर्षी जर्मनी सोडली. हार्बो तिथेच राहिल्या आणि नाझी राजवटीतही त्यांचे चित्रपटलेखन चालू होते. बेळगावजवळच्या बेळगुंदीचे अयी तेंडुलकर त्या काळात बर्लिनमध्ये पत्रकार होते. हार्बो यांनी त्यांच्याशी गुप्तपणे विवाह केला, कारण नाझी राजवटीत प्रसिद्ध जर्मन स्त्रीने भारतीयाशी उघड लग्न करणे शक्य नव्हते. युद्धाच्या तोंडावर तेंडुलकर मायदेशी परतले. पुढे इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाह करण्याचे त्यांनी ठरवले, तेव्हा गांधीजींनी काही वर्षे थांबण्याची अट घातली. मध्यंतरी दोघांनाही तुरुंगवास घडला. अखेर १९४५ मध्ये त्यांचा विवाह झाला तो वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात. ही सारी हकीकत त्यांच्या कन्या लक्ष्मी धौल यांनी पुस्तकरूपाने लिहिली आहे.

यंत्रनगरीची कथा लिहिणाऱ्या बाईंच्या घरातून निघालेला माणूस यंत्राच्या सर्वांत मोठ्या टीकाकाराच्या अंगणात पोहोचला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. मात्र बर्लिन आणि सेवाग्राम या दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : यंत्र आले की कष्ट कोणाचे कमी होतात आणि कोणाचे वाढतात?

विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांना ‘मेट्रोपोलिस’ मुळीच आवडला नाही. १९२७ मधील परीक्षणात त्यांनी त्याची टर उडवली. त्यांचा मुद्दा शास्त्रीय होता. यंत्र जितके सुधारेल तितकी त्याला राबणाऱ्या माणसाची गरज कमी होईल. मग जमिनीखाली हे हजारो कामगार हवेत कशाला? कारखान्यांपुरते पाहिले तर वेल्स बरेचसे बरोबर ठरले. आज रंगकाम आणि जोडकाम करणारे यंत्रहात आपण पाहतोच.

गांधीजींची भूमिका अनेकदा ‘यंत्रविरोध’ या एका शब्दात उरकली जाते. ते बरोबर नाही. आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे त्यांनी १९२४ मध्ये स्पष्ट केले होते. शिवणयंत्र त्यांना मान्य होते. १९२९ मध्ये तर चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. सप्टेंबर १९३१ मध्ये लंडनला चार्ली चॅप्लिन त्यांना भेटले, तेव्हाही यंत्राचाच विषय निघाला. चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ १९३६ चा. त्यात नट आवळता आवळता कामगाराचे हात थांबेनासे होतात आणि मालक त्याच्यावर प्रसाधनगृहातसुद्धा पडद्यावरून नजर ठेवतो. पाळतीची ही कल्पना संगणक येण्याआधीची आहे!

संगणकाच्या प्रसाराबरोबर या चित्रपटांची पुढची पिढी आली. ‘सायबरपंक’ हा शब्द १९८३ मध्ये एका कथेचे शीर्षक म्हणून छापला गेला. त्यातला ‘सायबर’ हा नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये रूढ केलेल्या ‘सायबरनेटिक्स’, म्हणजे नियंत्रण आणि संदेशवहनाच्या शास्त्रातून आलेला. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मध्ये २०१९ सालचे लॉस एंजेलिस आहे. वर झगमगते मनोरे, खाली गर्दी आणि सततचा पाऊस. कष्टाची कामे करायला कृत्रिम माणसे बनवलेली आणि त्यांचे आयुष्य अवघे चार वर्षांचे. २०१९ येऊन गेले. उडत्या मोटारी आल्या नाहीत. मग भाकीत चुकले का?

उपकरणांचे चुकले. वरच्या-खालच्याचे चुकले, असे म्हणता येत नाही. मोबाइलवर मागवलेले जेवण वेळेत पोहोचवणाऱ्या तरुणाला कोणते काम द्यायचे आणि त्याचे किती पैसे, हे संगणकप्रणाली ठरवते. संगणकाला चित्र ओळखायला शिकवण्यासाठी हजारो माणसे दिवसभर चित्रांना नावे देत बसतात. यंत्राला राबणारा माणूस नाहीसा होईल हे वेल्स यांचे अनुमान इथे अडते. तो नाहीसा झाला नाही, नजरेआड गेला. अशा कामगारांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, म्हणजे प्रश्न पडद्यावरचा राहिलेला नाही.

पारशिवनीच्या विद्यार्थ्यांना हे समजायला चित्रपटही लागू नये. तालुक्यातील नवेगाव खैरीच्या जलाशयातून नागपूरला पिण्याचे पाणी जाते. त्याच पेंच नदीवर वरच्या अंगाला तोतलाडोहचे १६० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. कन्हान परिसरात कोळसाखाणी आहेत आणि पलीकडे कोराडी व खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे. शहरातला दिवा आणि नळ यांच्या दुसऱ्या टोकाला आपला मुलूख आहे. धरण वा खाण वाईट, असा याचा अर्थ नाही. वीज नको असे कोणी म्हणणार नाही.

‘मेट्रोपोलिस’चा शेवट मालक आणि कामगार यांच्या हस्तांदोलनाने होतो. तो लांग यांनाही पुढे पटेनासा झाला, कारण दहा तासांची पाळी त्याने बदलत नाही. म्हणून मुलांना एक सोपा तक्ता करायला सांगावा. गावातील एखादी यंत्रणा निवडायची : पाणीपुरवठा, खाण, मोबाइलचा मनोरा, काहीही. तिचा लाभ कोणाला, कष्ट कोणाचे, धोका कोणाला आणि निर्णय कोणाचा, असे चार रकाने आखायचे. चारही रकान्यांत तीच माणसे आली तर काळजी नाही. पहिल्या आणि चौथ्या रकान्यात एक नाव आणि मधल्या दोहोंत दुसरे आले, तर यंत्रमानवाची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.